कानसेनांची स्पीकरखरेदी

बैठकीची खोली साडेआठ फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. हे माप घरात पाठ होतं, कारण कानसेन ते दिवसातून दोनदा तरी घेत. पोलादी टेप एका भिंतीला टेकवायची, दुसरं टोक काकूंना धरायला लावायचं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "साडेआठच."

"काल काय नऊ होती?" काकू विचारायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची.

कानसेन हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी अडतीस वर्षं काढली, तिथलं हे बिरुद. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीनरूम असते. तिथे जाऊन कानसेन लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग एक तर "चालू दे" म्हणायचे, नाही तर "मागचं बेअरिंग. महिनाभर काढेल." आणि महिन्याभरात बेअरिंग जायचंच. पुढे कंपनीने मोटारीची थरथर मोजायचे मीटर आणले, तेव्हा कानसेनांनी नाक मुरडलं. ज्याला कान नाहीत त्याने मीटर लावावा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं एकच सहकारी टिकला. वयाने आठ-दहा वर्षांनी लहान, कामाला वाघ, पण बोलायच्या नावाने शून्य. काहीही विचारा, मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा. म्हणून सगळे त्याला ढिम्म म्हणायचे. मशीनरूममध्ये कानसेनांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा आणि ढिम्म नट आवळत असायचा. अशी ही जोडी.

कानसेनांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती. आपण "चालू दे" म्हटलेली लिफ्ट माणसं आत असताना बंद पडायची. अडतीस वर्षांत असं एकदाही झालं नाही. बंगला नाही, गाडी नाही, पण ही एक गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि ते ती मिरवायचेही. मिरवू द्यावं माणसाने. सगळ्यांना काही मिरवण्यासारखं मिळत नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता स्पीकर घ्यायचे. साधेसुधे नव्हे, जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे, जोडीचे. जन्मभर मोटारी ऐकल्या, आता नीट गाणं ऐकायचं. काकूंनी सुचवून पाहिलं, की एवढ्याशा खोलीत ते शेल्फवर बसणारे छोटे बरे नाहीत का?

"मोटार काय शेल्फवर ठेवतात?" कानसेन म्हणाले. विषय संपला.

मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी एकावर एक चिकटवून स्पीकरएवढे दोन खांब केले आणि खोलीच्या अरुंद भिंतीशी उभे केले. त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं, आणि काकू चादरी काढताना अंग चोरून आत हात घालू लागल्या. म्हणून खांब लांब भिंतीशी नेले. तिथे ते सोफ्याच्या इतके तोंडावर आले, की बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला. पुन्हा अरुंद भिंत. आठ दिवस हे पुठ्ठे घरभर हिंडत होते. शेजारणीने विचारलं, घर बदलताय का? काकू म्हणाल्या, "घर आहे तिथेच आहे, आम्हीच त्यात मावेनासे झालोय."

तरी काकू रोज त्या पुठ्ठ्यांवरची धूळ पुसत. नवऱ्याने आपण होऊन स्वतःसाठी काही मागितलं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

पहिल्या दुकानात कानसेनांनी सगळ्या जोड्या तासाभरात नापास केल्या. दुसऱ्या दुकानातला दुकानदार मात्र जाणकार निघाला. उंच, सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. त्याने आधी खोलीचं माप विचारलं. कानसेनांनी ते अर्थातच तोंडपाठ सांगितलं.

"मग फार मोठे घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "अरुंद खोलीत खालचा सूर घुमत राहतो. आणि ज्यांना हवा सुटायचं भोक पाठीमागे असतं तेही नकोत. तुमच्याकडे ते भिंतीजवळच बसणार. पुढून हवा सोडणारे बघू. भिंतीपासून वीतभर पुढे, आणि किंचित आत वळवायचे."

कानसेन खूश झाले. कामाचं बोलणारा माणूस त्यांना चटकन ओळखू यायचा.

पहिली जोडी लावली. अंगाने बारीक, लाकडी रंगाची. एका बाईचा आवाज सुरू झाला, सोबत थोडी तंतुवाद्यं. काकू खुर्चीत मागे रेलल्या. "छान आहे हो," त्या म्हणाल्या.

"थांब." कानसेनांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला.

त्यात त्यांची परीक्षा होती. वीस वर्षांपूर्वी एका जुन्या मोटारीचा आवाज त्यांनी कॅसेटवर धरून ठेवला होता. बेअरिंग जायच्या आदल्या दिवशीचा. चाळिसाव्या सेकंदाला त्या घरघरीतून एक बारीक, केसासारखी शिट्टी निघते आणि दहा सेकंद टिकते. नवीन आलेल्या प्रत्येक मेकॅनिकला कानसेन हीच कॅसेट ऐकवायचे. शिट्टी आली की हात वर करायचा. ज्याचा हात वर गेला तो गच्चीवर जायचा, ज्याचा नाही गेला त्याने दरवाजांना तेल घालायचं. आता तोच आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता, आणि स्पीकरसाठीही तीच कसोटी. पहिल्या दुकानातले सगळे तिथेच नापास झाले होते.

मोटार घरघरली. दुकानदाराने भुवया उंचावल्या, पण गिऱ्हाईकांचे नाना नमुने पाहिलेला माणूस तो. कानसेन डोळे मिटून ऐकत होते. मिनिट संपलं.

"खाल्ली," ते म्हणाले. "शिट्टी खाल्ली यांनी. पुढची जोडी."

दुसऱ्या जोडीनेही खाल्ली. दुकानदार जरा बुचकळ्यात पडल्यासारखा दिसला. काकूंकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण काकू पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"अजून खडे, अजून स्वच्छ काही आहे का?" कानसेनांनी विचारलं.

"आहेत. पण तुमच्या खोलीत टोचतील ते."

"लावा."

तिसरी जोडी लागली. या वेळी कानसेनांनी डोळे मिटले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिले. अडतीस, एकोणचाळीस. आणि चाळीसला दोन गोष्टी एकदम घडल्या. दुकानदाराने डोळे बारीक केले, आणि काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अहो, बंद करा ते! कानात सुई घातल्यासारखं होतंय."

कानसेनांना घरघर ऐकू येत होती. फक्त घरघर.

त्यांनी स्वतः उठून आवाज बंद केला. मग हळूच दुकानदाराला म्हणाले, "पहिली जोडी लावा परत." आणि काकूंकडे वळून, "शिट्टी आली की हात वर कर."

"राहू द्या ना आता. घरी जाऊ."

"कर म्हणतो ना."

मोटार घरघरली. काकूंचे हात मांडीवर होते. चाळिसाव्या सेकंदाला उजवा हात जरा हलला, थबकला. मग सावकाश वर गेला. दहा सेकंद वर राहिला आणि खाली आला. दुसऱ्या जोडीवरही तसंच झालं. शिट्टी कुणीच खाल्ली नव्हती.

"धन्यवाद," कानसेन दुकानदाराला म्हणाले. पेनड्राइव्ह काढून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तो काकूंनी घेतला.

बसने दोन थांबे मागे टाकले. मग कानसेनांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कधीपासून?"

काकूंनी टाळाटाळ केली नाही. "चार-पाच वर्षं झाली असतील. दारावरची ती पाखराच्या आवाजाची घंटा काढून भरड्या आवाजाची लावली, ती काय हौस म्हणून?"

"ती बिघडली म्हणालीस तू."

"म्हणाले. काय सांगणार होते? रोज घरी आलात की आज मोटारीत काय ऐकलं ते सांगत बसायचात. लहान मुलासारखा चेहरा असायचा तुमचा. आणि मला वाटलं, कामावर वेगळं असेल. तिथे तो स्क्रूड्रायव्हर असतो ना."

कानसेनांच्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. पाच वर्षं. त्यातली दोन निवृत्तीची. राहिली तीन. तीन वर्षांत आपण किती लिफ्टना "चालू दे" म्हटलं? सहा मजल्यांच्या, दहा मजल्यांच्या. त्या लिफ्ट आत्ता, या मिनिटाला वरखाली चालल्या होत्या. आत म्हातारी माणसं असतील, पिशव्या घेतलेल्या बाया असतील. घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही न काढता ढिम्मला फोन लावला. तो अजून नोकरीत होता.

"शेवटच्या तीन वर्षांत मी पास केलेल्या मोटारी काढ. सगळ्या. एकेकीला मीटर लाव. आजच सुरू कर."

पलीकडे शांतता. ढिम्मच तो.

"ऐकतोयस ना? माझे कान गेलेत. तेव्हाच गेले होते. आज कळलं मला."

"लावलाय," ढिम्म म्हणाला.

"काय लावलाय?"

"मीटर. तेव्हाच. तुम्ही पास केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत वर जायचो."

कानसेन भिंतीला टेकले. "प्रत्येक वेळी?"

"हो."

"काही सापडलं?"

मग ढिम्म म्हणाला, "एक. डोळ्यांच्या दवाखान्यातली. बेअरिंग बदललं. कुणाला बोललो नाही."

कानसेनांनी फोन ठेवला आणि सोफ्यावर बसले. कुणाला काही झालं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि लाजेने तोंड लपवावंसंही वाटत होतं. निरोपाच्या दिवशी सगळ्या खात्यासमोर त्यांनी भाषण केलं होतं. ढिम्मच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "माणूस सोन्यासारखा, फक्त याला कान नाहीत." सगळे हसले होते. ढिम्मही हसला होता. आता ते आठवून कानसेनांनी कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवस टेप खुंटीवरून निघाली नाही. खोलीचं माप कुणी घेतलं नाही, आणि काकूंना ते जास्तच लागलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "कान तपासून घेऊ. यंत्रं मिळतात आता, दिसतही नाहीत."

"घेऊ," कानसेन म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला कुठली जोडी आवडली होती?"

"पहिली."

"मग पहिली."

दुकानदाराने विचारलं, पुन्हा एकदा ऐकून बघायची का? कानसेन म्हणाले, "हिने ऐकलीय." दुकानदाराने लगेच बिल करायला घेतलं. भला माणूस.

रविवारी सकाळी ढिम्मला बोलावणं गेलं. तो आला, चपला दाराशी काढल्या, खोलीकडे बघितलं आणि काही न बोलता गुडघ्यावर बसला. दोन तास त्याचं काम चाललं. काकूंना सोफ्यावर मधोमध बसवलं. एक स्पीकर दोन बोटं पुढे घ्यायचा, काकूंकडे बघायचं. त्या मान हलवायच्या. दुसरा किंचित आत वळवायचा, पुन्हा बघायचं. कपाटाचं दार पूर्ण उघडतंय ना, तेही त्याने न सांगता बघितलं. कानसेन दाराच्या चौकटीत उभे होते. जन्मभर ढिम्मच्या प्रत्येक कामावर त्यांनी शेवटचा हात फिरवला होता. आज ते जागचे हलले नाहीत.

शेवटी दुकानात ऐकलेल्या त्या बाईचा आवाज खोलीत भरला. कानसेनांना त्यातलं काय ऐकू येत होतं आणि काय नाही, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. पण जे येत होतं ते गोड होतं. ते पुढे आले आणि ढिम्मशेजारी जमिनीवरच बसले.

"तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

ढिम्मने स्पीकरच्या वायरचा पीळ सोडवला. "सांगितलं असतं तर तुम्ही वर यायचं बंद केलं असतं."

"मग बरंच झालं असतं की. तुझी दुसऱ्या दिवशीची खेप वाचली असती."

"आणि मग मी बोललो असतो कुणाशी?" ढिम्म म्हणाला.

बावीस वर्षांत त्या मशीनरूममध्ये ढिम्म किती शब्द बोलला असेल, ते कानसेनांना नक्की ठाऊक होतं. त्यांना मोठ्याने हसायचं होतं, पण रडूच आलं.