कागदावरचा निळा प्रकाश

आमच्या नाटकात निळा प्रकाश नव्हताच. कागदावर मात्र मी तो तीन ठिकाणी लिहिला होता.

सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून लिहायचं म्हटलं की मी टाळतो. गडचिरोलीकडून आलो तो नाशिकरोडला मांडववाल्याकडे लायटी लावायला. तिथून एका हौशी नाट्यसंस्थेनं उचललं. संवाद ऐकून पाठ व्हायचे, त्यावर माझी बोटं दिव्यांच्या बटणांवर चालायची. कागद कधी लागलाच नाही.

पण स्पर्धेत प्रकाशयोजनेचं टिपण परीक्षकांना आधी द्यावं लागतं. त्यात सर, म्हणजे आमचे दिग्दर्शक, म्हणाले होते, "लायटिंगला बक्षीस आलं तर अंतिम फेरीला तूच. नाहीतर मंडळी मुंबईचा माणूस आणा म्हणतायत."

माझ्याकडे दुसरं होतं काय? घाबरून मी कपाटातलं एका जुन्या नाटकाचं टिपण काढलं आणि जसंच्या तसं उतरवलं. 'निळा प्रकाश एकाकीपण दर्शवतो.' नाटकात आईचं काम करणाऱ्या कळवणच्या ताई बघून म्हणाल्या, "लय भारी लिहिलंस की रे." मी कागदाची घडी घातली.

प्रयोग चांगला झाला. निकालाआधी परीक्षक प्रत्येक संस्थेशी बोलतात. त्यातल्या बाईंच्या हातात माझा कागद होता.

"निळा कुठं होता हो?"

"नव्हता जी."

"मग लिहिला कशाला?"

"दुसऱ्याचं उतरवलं जी. मला नीट लिहिता येत नाही."

मागं कुणीतरी हसलं. सरांनी मान खाली घातली.

बाईंनी कागद उलटा ठेवला. "शेवटी आई दारात येते, तिचा चेहरा अंधारात जातो. समोरचा दिवा बंद पडला होता का?"

"नाही जी. मीच विझवला. आमच्या घराला एकच दार. माय दारात उभी राहिली की घरातल्या दिव्याचा उजेड तिच्या पाठीमागं. मी निघालो तेव्हा ती रडत होती का, ते मला दिसलंच नाही."

बाईंनी कागद पुन्हा सुलटा केला. मग म्हणाल्या, "हे लिहायचं होतं. टिपणालाही गुण असतात आमच्याकडे."

नाटक अंतिम फेरीत गेलं, पण लायटिंगचं बक्षीस दुसऱ्या संस्थेला गेलं. रिक्षात सर बाहेरच बघत बसले. ताईंनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, ते उपकार मी विसरणार नाही. पण मुंबईचा माणूस आलाच. तो माझे दिवे एकेक करून उतरवत होता, मी शिडी धरून उभा. दारामागच्या दिव्याशी तो थांबला.

"हा कुणी लावला?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा राहू दे. याचं टिपण तूच लिही, मला नाही जमणार."

रंगमंचाच्या पायरीवर बसलो. कितीतरी वेळ कागद कोराच. मग एवढंच उमटलं: दार मागे. माय पुढे. तोंडावर उजेड नको.