सक्तीचा आराम

टीबी झाल्याचं कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, गोळ्या चुकवू नका, नीट खा आणि थोडा आराम करा. आईने त्यातला ‘थोडा’ दवाखान्यातच ठेवला आणि आराम तेवढा घरी आणला. जेवण खाटेवर, अंग पुसणं खाटेवर, मोरीपर्यंत जायचं तर ती पाठोपाठ. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दिवसभर खोकी मोजत फिरणारा माणूस मी. वैतागून म्हणायचो, "आई, मी आजारी आहे, बाळंतीण नाही."

"गप पड. तुज्या बापसान आराम केलान नाय, म्हनून आज फोटोत हाय."

वडलांनाही टीबीच झाला होता. मुंबईत गोदीत कामाला होते. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या, काम मात्र सोडलं नाही. आईला गोळ्यांचं आठवत नव्हतं, न थांबलेला नवरा तेवढा आठवत होता. त्यांच्यावरचा तिचा राग इतक्या वर्षांत गेला नव्हता आणि तो सगळा माझ्या वाट्याला आला होता.

माझा ताप गेला, खोकला कमी झाला. पेजेला कंटाळून मी तळलेला बांगडा मागू लागलो. तेवढ्यात डावी पोटरी सुजून दुखायला लागली. आईने खाली उशी दिली आणि मोरीपर्यंतचं चालणंही बंद केलं. मग एका सकाळी चहासाठी उठून बसलो, तर छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली. श्वास आत जाईना. शेजाऱ्याच्या रिक्षातून नेताना आई एकच घोकत होती, "उलटला. ह्याचा पन उलटला." मलाही तेच वाटलं. मी भयंकर घाबरलो होतो.

डॉक्टरबाईंनी आधी माझे पाय बघितले. दुखतंय छातीत आणि ह्या पोटरी काय दाबतायत, असं त्याही अवस्थेत माझ्या मनात आलं. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "टीबी उलटलेला नाही, तो बरा होतोय. पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती सरकून फुप्फुसात अडकली. टीबीत रक्त गोठायचा धोका वाढतो, त्यात हे सारखे पडून. पण वेळेवर आणलंत."

"माज्यामुलं झाला?" आईने विचारलं.

"आजारामुळे, मावशी. पण घरी गेल्यावर आता यांना चालवायचं."

आधी पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. त्यांचं आणि टीबीच्या गोळ्यांचं दोन जावांसारखं, एकमेकींशी पटत नाही. म्हणून रक्त सारखं तपासायचं. मी दंड पुढे करायचो आणि आई तोंड फिरवायची.

घरी आल्यावर तिने माझं कोपर धरून मला अंगणात फिरवलं, मग हळूहळू विहारापर्यंत. एका संध्याकाळी विहाराच्या पायरीवर दम खात बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "मंग हे चालत ऱ्हायले, ता बरोबर होता?"

"ते चालण्याने गेले नाहीत, आई. गोळ्या सोडल्या म्हणून गेले."

ती पायरीकडे बघत म्हणाली, "माला वाटायचा, माजा आयकलान नाय म्हनून गेला." वडलांसाठी तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मलाही आवरलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने ओट्यावर तांदळाची लहानशी पिशवी आणून ठेवली.

"दळन हाय. गिरनीत जा."

"मी?"

"मंग काय मी जाव?"

इतक्या महिन्यांत मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. गिरणीकडे जाताना चढ आहे. अर्ध्यावर धाप लागली, पिशवी खाली ठेवून मी थांबलो. आई अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी राहून बघत असणार, हे मला मागे न वळता कळत होतं. आता हाक मारील, म्हणेल, ये मागारी. मी वाट बघितली. हाक आली नाही. श्वास जागेवर आल्यावर मी पिशवी उचलली.