थंडीतल्या कुरडया आणि सदाभाऊंची रेघ

आमच्या सदाभाऊंना साठ वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या गौरवग्रंथात शिकलेसवरलेले लिहिणारच. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहून घेते. चुका निघाल्या तर तिच्या.

आमची ओळख भांडणातून झाली. बजाजनगरात ते शेजारी राहायला आले आणि थोड्याच दिवसांत किराणावाल्यानं पेपर दाखवला, "आजी, तुम्ही छापून आलात!" बघते तर चौकटीत एक बाई, पदर खोचलेली, नाक वांग्याएवढं. तडक त्यांचं दार गाठलं.

"भाऊ, एवढं नाक कुणाचं असतं व्हय?"

"मावशी, ती माझ्या चित्रपट्टीतली ठकूमावशी आहे. तुम्ही नाय," ते अदबीनं म्हणाले. मी कमरेवर हात ठेवून भांडत होते, आणि हे गृहस्थ मान खाली घालून तो हात कागदावर उतरवत होते!

तेव्हापासून रोज सकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन त्या दिवसाची चित्रपट्टी मला वाचून दाखवतात. पडून माझा पाय मोडला, तेव्हा ठकूमावशीच्या पायालाही प्लास्टर चढलं. मी चालू लागेपर्यंत त्यांनी तिला खाटेवरून उठू दिलं नाही. क्रांती चौकापर्यंत लोक तिची तब्येत विचारायचे. माझी कुणी नाही!

मागच्या हिवाळ्यात ठकूमावशी गच्चीवर कुरडया वाळत घालताना दिसली.

"भाऊ, थंडीत कुरडया? उन्हाळ्यातलं जुनं चित्र खपवता काय?"

सदाभाऊंनी पेपर बाजूला ठेवला. मग त्यांनी हात पुढं केला. लई थरथरत होता. "मावशी, रेघ सरळ येत नाय. जुनीच चित्रं पाठवतोय. साठी झाली की पट्टी बंद."

"माझ्या तोंडावर एक तरी सरळ रेघ दाखवा," मी म्हटलं. "अन् काढा इथंच."

त्यांनी ओट्यावर बसून काढलं. रेघ थरथरत गेली, अन् ठकूमावशीच्या गालावर माझ्या सुरकुत्या जशाच्या तशा उतरल्या. आम्ही दोघं इतके हसलो की सूनबाई बाहेर आली. तेच चित्र छापून आलं. पट्टी आजही चालू आहे.

सदाभाऊ, मला शंभरी गाठायचीय आणि ठकूमावशीला माझ्या आधी जाऊ द्यायचं नाही. म्हणून तुम्हाला माझ्याहून जास्त जगावं लागेल. गोळ्या वेळेवर घ्या, सकाळी ओट्यावर या. हात थरथरू द्या खुशाल. नाक तेवढं जरा लहान काढा.