पगारेभाऊंनी न लिहिलेला आकडा

पगारेभाऊ "शांत, कुणाला उलटून न बोलणारे" होते, असं कृपया कुणी लिहू नका.

सकाळपासून ग्रुपवर तेच वाचतेय. डोकं फिरलंय माझं.

ते उलटून बोलले म्हणून तर मी जिवंत आहे.

आज सकाळी देवळाली कॅम्पहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "आत्या, पप्पा गेले." बस्स, एवढंच बोलू शकली पोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ. मी बावीस वर्षांची, कळवणजवळच्या एका गावात दिलेली. चार पावलं चालले की दम लागायचा. कांदा लावताना मधेच बांधावर जाऊन बसायचे.

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लय नाटकी हाय. कामाचं नाव काढलं की हिला दम लागतो."

नवरा वाईट नव्हता. पण आईपुढे मूग गिळून गप्प.

शेवटी कळवणच्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, वॉल्व आखडलेला वाटतो, नाशिकला नेऊन प्रेशर मोजून घ्या.

नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये मुंबईचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. कोपराजवळच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि आतलं प्रेशर बघायचं. भूल फक्त हातापुरती. बाकी मी टक्क जागी.

सासूबाई बाहेर बाकावर. मला आत नेताना नवऱ्याला म्हणाल्या, "काही निघालं नाय तर हिला आजच माहेरी सोडून ये."

पगारेभाऊ तिथले टेक्निशियन. हातात पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक माझ्या छातीशी धरलं, दुसरं स्टँडवरच्या एका छोट्या डबीशी.

मला त्याही अवस्थेत हसू आलं. घर बांधताना गवंडी पातळी असंच बघतात ना!

"माझे वडील गवंडीच होते, ताई," ते म्हणाले. "ही डबी म्हणजे ट्रान्सड्यूसर. हृदयातलं प्रेशर आत घातलेल्या नळीतून हिच्यापर्यंत येतं. ही हृदयाच्या पातळीतच पाहिजे. वर गेली की आकडा कमी दाखवणार, खाली गेली की जास्त."

मग मोठे डॉक्टर आले. उंचीनं बेताचे. हात पोचेना म्हणून त्यांनी टेबल वीतभर खाली घ्यायला लावलं. पगारेभाऊ तेव्हा मशीनमध्ये कागद भरत होते.

मी खाली आले. स्टँड जागच्या जागी राहिला.

नळी आत गेली. छातीत फडफडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "अकरा. नॉर्मल आहे. लिही. हिला काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे."

मी ऐकलं. उताणी पडलेली, डोळ्यांतलं पाणी सरळ कानात जात होतं.

पगारेभाऊंनी स्टँडकडे पाहिलं.

"सर, टेबल खाली आलंय. ट्रान्सड्यूसर वरच राहिलाय. एक मिनिट द्या, पातळी लावून मशीनचा झीरो परत घेतो."

"पगारे, डॉक्टर मी आहे की तू?"

"तुम्ही, सर."

"मग लिही अकरा."

"नाही लिहिणार."

सिस्टरनं माझा दंड गच्च धरला.

"तुम्हा लोकांना चार बटणं दाबायला शिकवलं की डोक्यावर चढून बसता!"

तुम्हा लोकांना. हे शब्द मी आजही विसरलेले नाही.

पगारेभाऊंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "रागवा सर. कामावरून काढा. पण बाहेर हिची सासू काय म्हणतेय ते मी ऐकलंय. हा अकरा घेऊन ही बाई घरी गेली तर तिला पुन्हा कुणी दवाखाना दाखवणार नाही. पातळी लावल्याशिवाय मी आकडा लिहिणार नाही."

आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी ट्रान्सड्यूसर खाली घेतला. पाण्याची नळी धरली, पातळी जुळवली, डबीचा कॉक हवेला उघडून झीरो घेतला, बंद केला.

सव्वीस.

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सव्वीस.

"लिही," म्हणाले. सॉरी नाही, काही नाही.

मला बाहेर आणलं तेव्हा पगारेभाऊ बाकापाशी उभे होते. सासूबाईंना सांगत होते, "मावशी, सुनेचा वॉल्व खरंच आखडलाय. ऑपरेशन लागणार. पोरगी खोटं बोलत नाही."

मी हमसून हमसून रडले. आनंदानं! आपण आजारी आहोत हे ऐकून कुणाला आनंद होतो का? मला झाला.

सासूबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. पुढे ऑपरेशनला मुंबईत महिनाभर त्याच माझ्या उशाशी होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही.

त्या डॉक्टरांवर आहे. अजून आहे. राहणार.

हॉस्पिटलनं पगारेभाऊंकडून लेखी माफीनामा मागितला. दिला नाही त्यांनी. मग त्यांना त्या खोलीतून काढून चार महिने स्टोअरला टाकलं.

बरी झाल्यावर मी पेढे घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, माझ्यापायी तुम्हाला हे भोगावं लागलं."

असे उखडले माझ्यावर! "तुमच्यापायी काय? पातळी चुकली होती. चुकीच्या आकड्याखाली माझी सही? अजिबात नाही."

तेव्हापासून ते माझे भाऊ.

चारला देवळालीत अंत्ययात्रा आहे. मी निघालेय. मुलीला सांगून ठेवलंय, एक खांदा माझा.

मघाशी फोनवर कुणीतरी म्हणालं, "काकू, तुम्ही हार्ट पेशंट, त्यात बायका खांदा..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

चाळीस वर्षं हे हृदय त्यांच्या हट्टावर चाललंय. आज दहा पावलं त्यांना उचलेल ते.

जय भीम, पगारेभाऊ.