बापू मिस्त्रींचं माप

भंडारदऱ्याच्या रस्त्यात जीप बंद पडली त्याला बापू मिस्त्री जबाबदार होते. मी नाही, जीपवाले तात्या नाहीत, आणि मी ऑनलाइन मागवलेला ब्रॅकेट तर अजिबात नाही. वयाचा मान वगैरे मी ठेवतो, पण खरं ते खरं.

कोल्हारला हायवेवर बापूंचं गॅरेज आहे. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून मी तिथं काम करतो. बापूंनी गाडी खोलून परत जोडली की दोन-तीन नट उरतातच. "कंपनी जास्तीचे देती," म्हणून ते तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकतात. तो डबा भरलाय. बापूंचे किस्सेही असेच साठलेत. एका जिपेचेच म्हटले तरी एवढे निघतात.

*

जीप अकोले तालुक्यातल्या नामदेव तात्यांची. पावसाळ्यात ते भंडारदऱ्याला पर्यटक फिरवतात. तिचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं ते यंत्र, इंजिनाच्या पार तळाशी. ओढ्यात गाडी घातली की त्याला आंघोळ. एका सीझनला दोन जळाले.

मग तात्यांनी डोकं लढवलं आणि त्याला युरियाची रिकामी गोणी गुंडाळली. पाणी आत गेलं नाही. हवाही गेली नाही. भर चढावर बॉनेटमधून धूर निघाला तेव्हा मागच्या सीटवरच्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, हा कसला वास?

"आमच्याकडं भातासाठी पाला जाळून राब भाजत्यात, मॅडम," तात्या म्हणाले.

बाहेर धो धो पाऊस पडत होता.

*

मी म्हटलं, अल्टरनेटर वरच घेऊ, त्यासाठी तयार ब्रॅकेट मिळतो. मागवला. बापूंनी तो पान्यानं वाजवून पाहिला, हुंगला, आणि विचारलं, कुणी केलाय? मी सांगितलं, कारखान्यात, मशीननं.

"म्हंजे कुणीच न्हाई केला."

सोबतच्या कागदावर आकृतीसकट सगळं दिलं होतं. बापूंनी त्यावर भेळ खाल्ली. ब्रॅकेट मी बसवला, नीट बसला. पण पोराला दिसतं त्यापेक्षा आपल्याला जास्त दिसतं अशी या पिढीची खात्री असते. ब्रॅकेट बारीक वाटतोय म्हणून बापूंनी त्याच्याखाली स्वतःच्या हातची जाड लोखंडी पट्टी घातली. अल्टरनेटर आणखी वर चढला आणि बॉनेट लागेना. चार बोटं उघडंच.

तात्या कुरकुरले. बापू म्हणाले, "शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत. तिथं कुणाचं काय बिघडलं?"

तात्यांनी बॉनेट दोरीनं बांधलं.

*

माझे वडील, आण्णा, टेलर आहेत. मापाची टेप कायम गळ्यात, लग्नाला गेले तरी. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. एक दिवस गॅरेजात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले की ही जीप भंडारदऱ्याला जाऊन परत आली तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही आली तर सोमवारी परत ॲडमिशन. रविवारी ते स्वतः जिपेत बसणार होते.

मी हो म्हटलं. त्या वर्गात परत बसायचं नुसतं मनात आलं तरी माझं डोकं सणकत होतं.

*

अल्टरनेटर वर गेला म्हणजे तो फिरवणारा बेल्ट लांब लागणार. बापूंच्या गॅरेजात टेप नाही. "टेप शिंप्यानं वापरावी," असं त्यांचं मत. त्यांनी शर्टाखाली हात घातला, कमरेचा करदोडा सोडला, पुलींवरून फिरवला, टोकं जुळली तिथं गाठ मारली आणि तो मुठीत धरून स्पेअर पार्टच्या दुकानाकडं निघाले. वाटेत जेवायला घरी.

पुढचं मला नंतर काकूंनी सांगितलं. नवऱ्याची कंबर मोकळी बघून त्या हादरल्या. करदोडा मेलेल्या माणसाचा काढतात. त्यांनी आधी ती गाठ सोडून करदोडा परत कमरेला बांधायला लावला, मग ताट वाढलं. बापू पोटभर जेवले. दुकानात जाऊन करदोडा गाठीसकट खाली सरकवून काढला, काउंटरवर ठेवला, त्या मापाचा बेल्ट घेऊन आले.

मी चढवला. बापू, ढिला आहे, म्हटलं.

"नवा हाय. तापला की आवळंल."

बेल्ट चालून चालून आणखी सैलच होतो हे कळायला डिप्लोमाचं पहिलं वर्षही लागत नाही.

*

रविवारी तात्या गाडी चालवत होते, शेजारी आण्णा, मागं मी आणि बापू. राजूरच्या पुढं बेल्ट किंचाळायला लागला. धुकं उतरलं आणि वायपर मरगळले. हॉर्न करडासारखा ओरडायला लागला. तात्यांनी चहासाठी गाडी थांबवली, बंद केली. चहा झाल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक्. बॅटरी पार उतरली होती.

आण्णा खाली उतरले. दोरीनं बांधलेल्या बॉनेटकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उद्या पहिल्या एसटीनं जायचं."

ठरलं होतं ते ठरलं होतं.

बापूंनी दोरी सोडून बेल्ट काढून हातात घेतला. तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून 'चुकलं' कुणी ऐकलेलं नाही, काकूंनीसुद्धा नाही. त्या दिवशीही तो शब्द आला नाही. त्यांनी भर रस्त्यात, पावसात, शर्ट वर केला.

"टेलर, पोराचा ब्रॅकेट बराबर हाय. ह्यो बेल्ट माझ्या पोटाचा हाय."

आण्णांनी गळ्यातली टेप काढली. आधी करदोड्यावरून बापूंची कंबर मोजली, मग बेल्ट. दोन्ही चव्वेचाळीस. चहावाला टपरी सोडून बघायला आला. आण्णांनी टेप गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली.

मग आम्ही जीप ढकलायला लागलो. कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही.

बापूंचं त्यात एवढंच गेलं. गॅरेजातली मापं आता मी घेतो.