क्रिसांतोची सही

स्पेनमधल्या आमच्या अल्मादेनच्या खाणीतल्या लाल दगडातून निघालेला पारा जगभरच्या थर्मामीटरांत शहाण्यासारखा बसतो. खाणवाल्यांच्या अंगात भिनला की मात्र हात कापायला लावतो. म्हणून खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा दवाखान्यात येऊन वहीत सही करायची. सही फारच थरथरली की डॉक्टर डॉन आन्सेल्मो माणसाला वरच्या कामावर पाठवत. वही सांभाळायला मी. चार इयत्ता जास्त शिकलो, त्याचं हे फळ.

बाकीचे वर यायला टपलेले असत. क्रिसांतोकाकाला खालीच राहायचं होतं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. गुत्त्यात त्याची कॉफी सांडली की लोक सभ्यपणे खिडकीबाहेर बघत. खाली सगळ्यांचेच हात कापत. तो नि त्याचे सोबती, चौघं एकाच कढईतले लसणीवर परतलेले पावाचे तुकडे खात नि एकमेकांच्या सांडासांडीवर खिदळत.

मार्चमध्ये त्याने सही केली ती थेट हेडमास्तरांसारखी. तोंडाला ब्रँडीचा वास; दोन घोटांनी कापरं तेवढ्यापुरतं थांबतं.

"काका, लग्नपत्रिकेवर छापायची का ही?"

"गप रे दौतपुशा!"

डॉक्टरांनी वही पाहिली. "किती दिवस गिरवलीस, क्रिसांतो?"

"माझाच हात आहे, साहेब."

"बावीस वर्षं खाली उतरलेल्याची सही अशी नसते. घे, माझी सिगरेट पेटव."

काडी पेटली. ज्योत सिगरेटच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली. बोट भाजलं तरी टोक सापडेना. डॉक्टरांनीच फुंकर मारली.

"उद्यापासून खाणीच्या फाटकावर राखणीला बस. ऊन खा."

"फाटकावर बोलू कुणाशी, साहेब?"

डॉक्टर लिहीत राहिले.

एप्रिलमध्ये सह्यांच्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून रांगेत उभा. त्याचे खालचे सोबती ओरडले, "काय रे, उन्हात भाजून मिरची झालास की!"

"माझ्या जागी कोण बसतं?"

"आहे एक नवा. कढई खरवडून खातो मेला."

काका हसला. मग त्याची पाळी आली.

"काका, वरच्यांना सही लागत नाही."

"ठाऊक आहे. तरी करतो."

"वहीत तुमचा रकानाच नाही आता," मी नेहमीसारखा चेष्टेत म्हणालो.

त्याने टोपी घातली आणि बाहेर पडला. त्याच्या मागचा माणूस एक पाऊल पुढे आला. मी वही सरकवली.