भेट दुसरी, कोणी नाही

आमच्या मजल्यावरच्या नऊ क्रमांकाच्या खोलीत राहायला आलेल्या गृहस्थांना सगळे चेनवाले म्हणत. बॅगांच्या आणि जाकिटांच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. त्याआधीची चौदा वर्षे ते एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर झोपत आणि दिवसा त्याच दुकानाच्या कडेला कामाला बसत. बेघरांना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेने त्यांना ही खोली दिली. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक बॅग. बॅगेला सहा चेन होत्या आणि सहाही चालत होत्या.

खोलीला एक अट होती. पहिल्या तीन महिन्यांत संस्थेच्या बाई न सांगता तीनदा येणार. तिन्ही वेळा तिथे कोणी राहत असल्याचे दिसले नाही, तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार. यादी लांब होती. अट रास्त होती, त्यामुळे तिच्याबद्दल कुरकुर करण्याचीही सोय नव्हती.

महिना उलटला तेव्हा एका दुपारी चेनवाले हातात चिठ्ठी घेऊन समोरच्या खोलीतल्या मावशींकडे आले. मावशींनी तीस वर्षे इस्पितळात आयाचे काम केले होते. निवृत्तीनंतर वॉर्ड सुटला. आवाज सुटला नाही.

“मावशी, हे जरा बघा. वाचता येतंय, पण पटत नाहीये.”

चिठ्ठीवर लिहिले होते: भेट दुसरी. कोणी नाही. खोली रिकामी दिसते.

“कुठे भटकत होतात?”

“आतच होतो. दोन्ही वेळेला.”

“मग दार का नाही उघडलं?”

“त्या ठोठावत होत्या ना.”

“ठोठावलं की दार उघडतात, भाऊ.”

“ठोठावलं की उठतात,” चेनवाले म्हणाले.

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. भांड्यांच्या दुकानाचा मालक रोज सकाळी येऊन शटरवर छडीने दोनदा ठोके देत असे. त्याचा अर्थ एकच होता: आवरा. तो माणूस वाईट नव्हता. तिसरा ठोका त्याने कधी दिला नाही, कारण तशी वेळच आली नाही. इथेही दारावर थाप पडताच चेनवाल्यांनी वळकटी बांधली, बॅग खांद्याला लावली आणि दारामागे उभे राहून पुढच्या हुकमाची वाट पाहिली. बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिले, तर जमीन स्वच्छ आणि खोली मोकळी. पावले दूर गेल्यावर त्यांनी वळकटी पुन्हा पसरली. आवरून उभे राहायला दीड मिनिट लागले होते, आणि त्या वेगाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

“अहो, आता एकच भेट उरली!” मावशींनी कपाळाला हात लावला.

संस्थेला कळवावे, असे मी सुचवले. मावशी म्हणाल्या, “कळवून त्यांचा कागद सुधारेल. यांचे हात कोण सुधारणार?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला. पहिली पाळी शेजारच्या शिंप्याची, म्हणजे मास्तरांची. त्यांनी दार ठोठावले आणि कान लावला.

“गुंडाळतायत,” मास्तर म्हणाले.

मावशी घड्याळ धरून उभ्या होत्या. “भाऊ, आम्ही आहोत! मास्तरांना कात्री हवीय!”

“शिंप्याला कात्री?” आतून आवाज आला.

“माझी बोथट झालीय,” मास्तर म्हणाले. त्यांना खोटे बोलता येत नसे, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होते.

पहिल्या दिवशी अकरा वेळा दार ठोठावले गेले आणि अकरा वेळा वळकटी बांधली गेली. चौथ्या दिवशी दार उघडले. चेनवाले खांद्याला बॅग लावून उभे होते.

“बॅग खाली!” मावशी म्हणाल्या.

“उघडायचं म्हणालात. खाली ठेवायचं कुठे म्हणालात?”

बॅगेतले कपडे भिंतीवर टांगावेत म्हणून मास्तर खिळा ठोकायला गेले. पहिल्या दोन घावांतच चेनवाल्यांनी वळकटी आवरली आणि ते जिन्यापर्यंत पोहोचले. खिळा मात्र बसला. त्यावर एक सदरा लटकला आणि खोलीला पहिल्यांदा काहीतरी पसारा लाभला.

त्यानंतर मजल्यावर कोणालाही केव्हाही काहीही लागू लागले. सुई, पेन, किती वाजले, पाणी गेले का. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी थाप मारली, तेव्हा दार बोटभर उघडले.

“आता काय?”

मी हे सांगितल्यावर मावशींचा चेहरा उजळला. “चिडले? बरं वाटतंय म्हणजे त्यांना.”

मंगळवारी दुपारी संस्थेच्या बाई आल्या. मावशी कपडे वाळत घालत होत्या. हातातला टॉवेल तसाच राहिला. मास्तरांचे यंत्र थांबले. बाईंनी दोनदा थाप मारली. आतून आवाज आला, “कोण आहे?”

“संस्थेतून आलेय.”

दार उघडले. चेनवाल्यांच्या हातात बॅग नव्हती, पळी होती.

“काय कटकट आहे! दिवसभर ठोठावतायत. बटाटे शेगडीवर आहेत, करपतील. चारला या.”

आणि दार बंद झाले.

मावशी धावल्या. “भाऊ, त्याच आहेत हो! संस्थेच्या बाई!”

“चारला म्हटलं ना!” आतून उत्तर आले.

मावशींनी वळून बाईंकडे पाहिले. इस्पितळात त्या अशा अजिजीच्या चेहऱ्याने उभ्या राहिल्याचे कोणी पाहिले नसेल. “बाई, माणूस तसा नाहीये. आम्हीच जरा…”

बाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “रोज असेच बोलतात?”

“नाही हो. गेल्या आठवड्यापासूनच.”

“काय लिहिलंत?” मास्तरांना राहवले नाही.

बाईंनी कागद वळवून दाखवला: भेट तिसरी. राहतात. सध्या कामात आहेत.

खाली राहणाऱ्याच्या सहीची जागा मात्र मोकळी होती. बाईंनी घड्याळ पाहिले. अडीच वाजले होते. मास्तरांनी यंत्राजवळचे स्टूल पुढे सरकवले. बाई त्यावर बसल्या आणि मावशींनी आणलेले पाणी प्यायल्या. चार वाजता चेनवाल्यांनी कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, मगच सही केली.